जुन्या गाडीला नवा कार्ब्युरेटर : नाशिकच्या हवेत काय चालतं

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, हेराल्ड किंवा ११८ एनई घरात आहे, इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगं बदलून झाली आहेत, डेंटिंग-पेंटिंगही उरकलं आहे, अशा माणसापुढे एक प्रश्न उभा राहतोच. मूळचा कार्ब्युरेटर काढून वेबर बसवायचा का? उत्तरपाड्याला ॲम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. रोजच्या राबत्यातून गेलेल्या या गाड्या आता हौसेच्या झाल्या आहेत आणि मालकांचे प्रश्नही बदलले आहेत. पूर्वी मिस्त्रीला विचारायचे, ॲव्हरेज किती देईल? आता विचारतात, घाटात ओढेल का?

नाशिकात हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर मुंबईच्या उत्तरापेक्षा थोडं निराळं येतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, पश्चिमेला कसाऱ्याचा घाट उतरला की तासा-दोन तासांत समुद्रकाठ, पूर्वेला निफाडची थंडी, आणि टाकीत आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या चार गोष्टी कार्ब्युरेटरवर थेट परिणाम करतात आणि परदेशी पुस्तकांतल्या तक्त्यांत त्या एकत्र सापडत नाहीत. माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. नाशिकमधल्या बहुतेक जुन्या गाड्यांना वेबरच्या जोडीची गरज नाही. त्यांना एका बऱ्या कार्ब्युरेटरची, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची आणि मापून निवडलेल्या जेटांची गरज आहे. ज्यांना जोडीच हवी त्यांनी आधी हेड आणि कॅमशाफ्टचं काम करून घ्यावं.

कार्ब्युरेटर ताकद तयार करत नाही. वाण्याच्या तराजूसारखं त्याचं काम मापाचं आहे : इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढ्या हवेला बेताचं पेट्रोल घालायचं. हवा व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून जाताना वेगावते, तिथला दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. गळा अरुंद असेल तर कमी आरपीएमलाही ओढ चांगली लागते, पेट्रोल बारीक फवाऱ्यासारखं मिसळतं, पण वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. गळा मोठा केला की वर मोकळं, खाली मात्र ओढच नाही. पायाखाली पेडल दाबलं की क्षणभर गाडी काहीच करत नाही, मग एकदम उसळते. पॉवरचा कार्ब्युरेटर लावून पस्तावलेल्या मालकांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. मोठा आणला म्हणजे चांगला, या समजुतीतून ती जन्मते.

गळ्याचं माप काढायचा एक जुना अंदाज ट्यूनिंगवाल्यांत चालतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असेल तर सिलिंडरचं आकारमान लिटरमध्ये घ्यायचं, जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमच्या हजारांनी गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढून वीसने गुणायचं. येईल ते मिलिमीटर. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला ०.२७ लिटर. पाच हजार आरपीएम धरले तर उत्तर २३-२४ मिलिमीटर येतं. बाजारात तयार मिळणारा वेबरचा ४० डीसीओई अनेकदा ३० किंवा त्याहून मोठ्या गळ्यासह येतो. तो जसाच्या तसा पद्मिनीवर चढवला तर काय होईल हे या एका आकड्यावरून कळतं. ॲम्बॅसेडरच्या १,४८९ सीसीला साडेपाच हजारांपर्यंत फिरवायचं ठरवलं तर हिशेब २८-२९वर जातो. तिथे ४० डीसीओई शोभतो, पण ॲम्बॅसेडर साडेपाच हजार फिरवायला आतलं बरंच काही बदलावं लागतं.

इथे कंपन्यांनी स्वतः काय केलं होतं ते पाहणं सगळ्यात उपयोगाचं आहे. आपल्या रस्त्यांवरच्या या गाड्यांची इंजिनं परदेशात वेगळ्या अवतारात विकली गेली होती, आणि त्या अवतारांचे आकडे आपल्याला आयता धडा देतात.

पद्मिनीचं मूळ म्हणजे १९५३ची फियाट ११००/१०३. इटलीत त्या साध्या गाडीची ताकद ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी फियाटने पॅरिसच्या प्रदर्शनात टीव्ही, म्हणजे तुरिझ्मो वेलोचे, नावाची तिची वेगवान बहीण दाखवली. आकारमान तेच, १,०८९ सीसी, ताकद ५०. तिच्यावर दोन नळ्यांचा वेबर होता. पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेशनही ७.६ पर्यंत वाढवलेलं होतं. सगळी वाढ वेबरच्या खात्यात टाकणं चुकीचं ठरेल.

ॲम्बॅसेडरची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिचं १,४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतलं. हेच इंजिन १९५५ मध्ये एमजीए या स्पोर्ट्स गाडीत बसलं होतं. आपल्याकडे ते पन्नासच्या आसपास अश्वशक्ती द्यायचं, एमजीएमध्ये सुरुवातीला ६८ आणि थोड्याच काळात ७२. एमजीएवर एसयूचे दोन कार्ब्युरेटर होते हे सगळ्यांना दिसतं. बॉनेट उघडलं की तेच नजरेत भरतं. दिसत नाही ते कॉम्प्रेशन ८.३ होतं, कॅमशाफ्ट निराळा होता, एक्झॉस्ट मोकळा होता. शिवाय ‘बी’ मालिकेच्या हेडमध्ये चार सिलिंडरांना मिळून इनटेकची दोनच भोकं आहेत. दोन-दोन सिलिंडर एका वाटेने हवा ओढतात. त्यामुळे या इंजिनावर चार गळे लावूनही प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वाट मिळत नाही. दोन एसयू ही तिथली नैसर्गिक मर्यादा, आणि माझ्या मते ॲम्बॅसेडरवर काही बसवायचंच असेल तर तीच जोडी सगळ्यात समजूतदार. एसयूमध्ये गळ्याचं माप स्थिर नसतं. पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो, सुई त्याच्याबरोबर हलते, म्हणून खालच्या आरपीएमला तो मोठ्या वेबरसारखा अडखळत नाही. वर डॅशपॉटमध्ये तेल आहे ना, एवढं पाहत राहायचं.

तिसरं उदाहरण ११८ एनईचं. प्रीमियरने १९८०च्या दशकाच्या मध्याला फियाट १२४च्या अंगात निसानचं ए१२ इंजिन घातलं : १,१७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. जपानमध्ये सनी १२०० मध्ये हे इंजिन तिकडच्या मोजणीनुसार ६८ द्यायचं आणि १९७० साली आलेल्या जीएक्स आवृत्तीत दोन कार्ब्युरेटर, चढा कॅम आणि दहाच्या कॉम्प्रेशनसह ८३. ही जातच फिरण्यासाठी केलेली. जपानी ट्रॅकवर सनी वर्षानुवर्षं धावली. आपल्याकडे ११८ एनईकडे कुणी फारसं वळून पाहत नाही, किमतीही पद्मिनीइतक्या चढलेल्या नाहीत. ज्याला खरोखर इंजिनाचं काम करायची हौस आहे त्याच्या हातात ही गाडी मी सगळ्यात आधी देईन.

हेराल्डबद्दल थोडक्यात सांगता येतं. इंग्लंडात तिच्याच सांगाड्यावर ट्रायम्फने स्पिटफायर उभी केली आणि तिला दोन एसयू दिले, तेव्हा वाट माहितीची आहे. जीपचं मात्र वेगळं. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये विलिसचं हरिकेन इंजिन असायचं आणि त्यात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. जागा एकाची, वाट एकच. तिथे दोन नळ्यांचा मोठा कार्ब्युरेटर अडॅप्टर लावून बसवतात, पण मुळात कमी आरपीएमला ओढणारं हे इंजिन आहे. चांगला सिंगल कार्ब्युरेटर दुरुस्त करून घेणं बरं.

तिन्ही उदाहरणांत कॉम्प्रेशन येतं आणि त्यातच आजच्या काळाची एक संधी दडलेली आहे. आपल्याकडच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलं गेलं कारण त्या काळी पंपावर मिळणारं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं. जास्त दाबलं की इंजिन ठोकायचं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो. म्हणजे जे पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरच्या रबराला खातं, तेच पेट्रोल हेडला थोडं फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवायची मोकळीक देतं. वेबरच्या पेटीवर खर्च करण्याआधी हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हची तीन कोनांत घिसाई आणि पोर्टमधले ओतकामाचे काटे साफ करणं यावर तेच पैसे घातले तर गाडी जास्त ओढते, आणि मूळच्या कार्ब्युरेटरवरही ओढते. ॲम्बॅसेडरचं हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या सीटा कडक धातूच्या घालून घ्याव्यात. देशभर फेब्रुवारी २००० पासून शिसं पेट्रोलमधून गेलं आणि जुन्या बिडाच्या सीटांना त्या शिशाचाच आधार होता.

आता पर्यायांकडे. वेबर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आडवा बसणारा डीसीओई येतो, पण वेबरचाच उभा ३२/३६ डीजीव्ही आपल्या कामाचा जास्त आहे. त्याच्या दोन नळ्यांपैकी ३२ची आधी उघडते, पेडल बरंच दाबल्यावर ३६ची. गावात पंचवटी-सीबीएसच्या गर्दीत गाडी एका छोट्या गळ्यावर चालते, घाटात दुसरा जोडीला येतो. ताकदीचा आकडा डीसीओईएवढा येत नाही. गाडी चालवायला मात्र सुखाची राहते. एडोआर्दो वेबरने बोलोन्यात १९२३ साली हे काम सुरू केलं, ते उत्पादन पुढे स्पेनमध्ये गेलं. आज बाजारात त्याच्या स्वस्त नकलाही भरपूर आहेत. नक्कल ओळखायची जागा म्हणजे जेट आणि थ्रॉटलची दांडी. दांडी नवीनपणीच हलत असेल तर तिथून फाजील हवा आत जाणार आणि स्लो कधीच जुळणार नाही. जेटवर १२० लिहिलंय म्हणून ते १२०चंच असेल असं धरून चालू नये. गेज पिनने मापावं.

तिसरा पर्याय आपल्या मिस्त्रींनी स्वतः शोधला. मारुती, जिप्सी, एस्टीमचे मिकुनी-सोलेक्स जातीचे कार्ब्युरेटर पद्मिनीवर, कधी ॲम्बॅसेडरवरही बसवायचे. नव्वदच्या दशकात हे ॲव्हरेजसाठी व्हायचं, आता पिकअपसाठी होतं. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतात, मला मात्र हा पर्याय आदराचा वाटतो. दोन नळ्यांचा एस्टीमचा कार्ब्युरेटर १,३०० सीसीसाठी केलेला, म्हणजे पद्मिनीला फार मोठा होत नाही, त्याची दुरुस्ती येणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे, किट मिळतं. अडचण एवढीच की त्याच्यावर व्हॅक्यूमच्या नळ्या आणि सोलेनॉइड बरेच असतात. त्यातलं काय जोडायचं, काय बंद करायचं हे समजून करावं लागतं. आयडल कट-ऑफच्या सोलेनॉइडला वीज दिली नाही तर गाडी स्लोवर उभीच राहणार नाही, आणि मग दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

बसवण्याच्या कामात नाशिक सुदैवी आहे. सातपूरला मायको म्हणजे आताची बॉश, ओझरला एचएएल, इगतपुरीला महिंद्राचा इंजिन कारखाना. यांच्याभोवती सातपूर-अंबडमध्ये लेथ, मिलिंग आणि सीएनसीची शेकडो लहान वर्कशॉपं उभी राहिली. डिझेलच्या नोझलमध्ये सुईचा बसवा मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या गावात ॲल्युमिनियमचा अडॅप्टर करून घेणं अवघड नाही. अवघड आहे ते काय सांगायचं हे ठरवणं. अडॅप्टरमध्ये गोल भोकातून चौकोनी वाटेकडे जाताना पायरी राहता कामा नये, कारण त्या पायरीवर पेट्रोल थेंब होऊन साचतं. प्लेट पुरेशी जाड हवी, नाहीतर आवळताना वाकते आणि पॅकिंगमधून हवा खाते. डीसीओई मॅनिफोल्डला घट्ट आवळायचा नसतो. मध्ये रबरी ओ-रिंगची माउंटिंग आणि स्प्रिंग वॉशर ठेवून त्याला किंचित हलू द्यावं लागतं. नाहीतर चार सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने फ्लोटमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि फेसातून जेट हवा ओढतं. हे माहीत नसलेला फिटर मनापासून, पूर्ण ताकदीने नट आवळतो.

पंपाकडे दुर्लक्ष होतं. वेबरला ०.२ बारच्या आसपास दाब लागतो. एमपीएफआय गाडीचा इलेक्ट्रिक पंप तीन बार देतो, पंधरा पट. तो सुईला उचलून फेकतो, ओव्हरफ्लो होतो आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल सांडतं. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्या बऱ्याचदा अशाच. मूळचा यांत्रिक पंप चांगला असेल तर तोच ठेवावा. नसेल तर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, प्रेशर रेग्युलेटर आणि इंजिन बंद पडताच पंप बंद करणारा स्विच, हे तिन्ही एकत्र घ्यावेत. थ्रॉटलच्या दांड्यांना दोन स्प्रिंगा लावाव्यात. एक तुटली तरी दुसरीने पेडल मागे यावं. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स असेल आणि डीसीओईवर त्याची नळी जोडायला जागा नसेल, तर ॲडव्हान्सची व्यवस्था मॅनिफोल्डवरून करावी किंवा डिस्ट्रिब्युटर बदलावा. ती नळी नुसती बुच मारून सोडून दिली तर सरळ रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल पिते. आणि हवेचे तोंड उघडे ठेवून मिरवायचा मोह टाळावा. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत हवेत माती असते. ती थेट सिलिंडरमध्ये गेली की नव्या रिंगांचं आयुष्य एका उन्हाळ्यात आटपतं.

आता इथल्या हवेचा आणि पेट्रोलचा हिशेब. या लेखातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो केल्याशिवाय जेट निवडणं म्हणजे अंधारात हात घालणं.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला ९ पटच, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन आहे. वीस टक्के मिश्रणाला मग साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. जुना कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला आहे, त्याला पेट्रोल बदललं हे कळायला मार्ग नाही. तो तेवढंच देतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ, मिस्त्रींच्या भाषेत लीन होतं. हे नाशिकच्या गाड्यांच्या उष्णतेचं, मिसिंगचं आणि कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या बॅकफायरचं आजचं मोठं कारण आहे.

दुसरीकडे, ६०० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा पाच-साडेपाच टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद तेवढ्याने कमी होते, ती कुठल्याही कार्ब्युरेटरने परत येत नाही. पण विरळ हवेत कार्ब्युरेटर पेट्रोल थोडं जास्त देतो. हा फरक घनतेच्या वर्गमुळाने पडतो, म्हणून तीनेक टक्के रिच. म्हणजे इथेनॉलने केलेल्या घाट्यातला एक तृतीयांश नाशिकची उंची भरून काढते. समुद्रसपाटीवर शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेली गाडी आज इथे पाच-सहा टक्के लीन चालते आणि तीच गाडी कसारा उतरून ठाण्याला गेली की नऊ टक्क्यांपर्यंत.

त्यावर हवेचं तापमान. मेमधल्या चाळीस अंशांच्या दुपारी आणि जानेवारीतल्या दहा अंशांच्या सकाळी हवेच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक पडतो, मिश्रणात पाच टक्क्यांचा. निफाडला तर पारा पाचाच्याही खाली उतरतो. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, म्हणून थंड मॅनिफोल्डमध्ये ते थेंबाथेंबाने भिंतीला चिकटून राहतं. मूळच्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टला चिकटून ठेवलेला असे, त्या उबेने मिश्रण सावरायचं. आडवे डीसीओई लावले की ती ऊब गेली. दाट धुक्यात तर पेट्रोलच्या वाफेने गळा इतका गार होतो की थ्रॉटलच्या चकतीवर बर्फ धरू शकतो. गाडी दहा मिनिटं चालते, बंद पडते, दहा मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू होते आणि गॅरेजला नेईपर्यंत दोष गायब झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पडणाऱ्याने गरम मॅनिफोल्ड सोडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं जेटच्या भाषेत आणायचं तर : आठ टक्के जास्त इंधनासाठी जेटचा व्यास सुमारे चार टक्के वाढवावा लागतो. ११०चं जेट असेल तर ११५, म्हणजे एकच पायरी. इथे राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा तरी मुंबईला जाणाऱ्या गाडीला मुंबईच्या हवेचं जेट घालावं. नाशिकला ती किंचित रिच चालेल, थोडं जास्त पिईल. लीन चालून पिस्टन जाळण्यापेक्षा ते बरं. डीसीओईला सुरुवातीचं माप म्हणून गळ्याच्या मिलिमीटरला चाराने गुणून मेन जेट घेतात आणि एअर जेट त्याहून पन्नासने मोठं. २६ गळ्याला १०५चं मेन येतं, इथेनॉलची पायरी धरून ११०. हा आरंभ झाला. शेवट रस्त्यावर ठरतो.

इथेनॉलचं दुसरं काम सावकाश चालतं. ते जुनं रबर फुगवतं, ॲक्सिलरेटर पंपाची पडदी कडक करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरट थर बसतो. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सुटा करतं, म्हणून मिश्रण बदलल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर वारंवार तुंबतो. नवा कार्ब्युरेटर घेताना पडद्या आणि सुईचं टोक इथेनॉलला टिकणाऱ्या विटॉनसारख्या रबराचं आहे का ते विचारावं आणि पेट्रोलचे सगळे पाइप त्याच वेळी बदलावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट रिकामे करून ठेवावेत. उन्हाळ्यात घाटात पंपावर ओलं फडकं टाकायची जुन्या ड्रायव्हरांची सवय माहीत असेल. व्हेपर लॉकचा तो त्रास इथेनॉलने कमी झालेला नाही. पाइप एक्झॉस्टपासून लांबून नेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणं हा त्यावरचा खरा उपाय.

ट्यूनिंग कानाने करणारे कसबी मिस्त्री आपल्याकडे होते आणि अजून आहेत. प्लगचा रंग पाहून जेट सांगणारेही. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शिसं गेल्यापासून आणि इथेनॉल आल्यापासून प्लगवर पूर्वीसारखा रंग चढत नाही. आता एकट्या त्या वाचनावर भिस्त ठेवता येत नाही. वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर आणि मीटर आज हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहेत. एक्झॉस्टवर एक नट वेल्ड करून सेन्सर बसवायचा आणि मीटर हवा-पेट्रोलच्या आकड्याऐवजी लॅम्ब्डावर ठेवायचा, म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल किती याचा घोळ राहत नाही. पूर्ण पेडलला ०.८५ ते ०.९०, सरळ रस्त्यावर एकाच्या जवळ, स्लोवर ०.९५च्या आसपास. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोघांतून सारखी हवा जाते का हे सिंक्रोमीटरने आधी पाहायचं. त्याही आधी व्हॉल्व्हचा गाळा, पॉइंटचा गाळा, टायमिंग. हा क्रम मोडला तर दिवस फुकट जातो.

रस्त्यावरच्या चाचणीला कसारा घाट उत्तम आहे. घोटी, इगतपुरी करत खाली उतरायचं आणि परत चढायचं. चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर सलग भार पडतो, त्यासाठी वेग लागत नाही, आणि एकाच फेरीत उंचीचा फरकही मिळतो. शेजारी बसलेल्याने आकडे लिहून घ्यावेत. एका वेळी एकच जेट बदलावं. हवामान आणि वेळही लिहावी, कारण मेमधली वही जानेवारीत कामाला येते.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. कार्ब्युरेटर नोंदणीपुस्तकात लिहिलेला नसतो, म्हणून कुणी विचारत नाही असा अनुभव असला तरी पीयूसी पास होणं मालकाच्या हातात आहे : भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत. नीट जुळवलेला वेबर हे सहज देतो, न जुळवलेला कधीच देत नाही.

पण पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा विचार निराळा करायला हवा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. आणि ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर यावी. १९६४ची फियाट डिलाइट किंवा सुरुवातीच्या ॲम्बॅसेडर या वर्गात केव्हाच आल्या, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या पद्मिन्या आता येत आहेत. मूळ कार्ब्युरेटर, मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ एअर क्लीनर शाबूत असलेल्या अशा गाड्या नाशिक जिल्ह्यात थोड्याच असतील. त्यांच्यावर वेबर चढवू नये, एवढा माझा आग्रह आहे; जेट एक पायरी वाढवावं, रबर बदलावं आणि थांबावं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिन्या, ११८ एनई, एव्हाना तीनदा इंजिन बदललेल्या ॲम्बॅसेडर यांवर हौस जरूर करावी. मॅनिफोल्डला करवत लावू नये, हेडला वेगळं भोक पाडू नये, अडॅप्टर चार नटांवर निघेल असा करावा आणि काढलेला मूळ कार्ब्युरेटर धुऊन, तेल लावून, त्याच्या जेटांचे आकडे चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. गाडी विकताना तो पुढच्या मालकाला द्यावा.